तंबोरा सारखा उतरतो? खुंटीवर खापर फोडण्याआधी तारांचा ताण पाहा

अंबडच्या एमआयडीसीत टूलरूमला तीस वर्षं काढली. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि संध्याकाळी कानात गाणं, त्यामुळे नाशिकमधल्या गाण्याच्या क्लासांतले तंबोरे आपसूक माझ्याकडे येऊ लागले. मी कारागीर नाही. जवारी काढणं, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडीचा (भोपळ्यावर तारा जिच्यावर टेकतात तिचा) माथा घडवणं, माझं काम नाही आणि मी ते करतही नाही. पण एक तक्रार इतक्या वेळा ऐकली आणि निस्तरली आहे की ती नीट लिहून ठेवावीशी वाटली. तक्रार अशी: "काका, खुंटी सरकते. पंधरा मिनिटं झाली की तंबोरा उतरतो. नवीन खुंटी बसवून द्या." खुंटी खरोखर सरकलेली मात्र मला फार कमी वेळा सापडली.

आधी लक्षणं बघून घ्या, कारण कुठलं लक्षण आहे त्यावरून पुढे कुठे बघायचं ते ठरतं. तंबोरा नीट लावला, गायला बसलात आणि थोड्याच वेळात उतरला. त्यातही खरज, म्हणजे खालच्या षड्जाची जाड तार, सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त उतरला. किंवा तार छेडल्याक्षणी स्वर चढा लागतो आणि मग खाली येऊन बसतो, त्यामुळे नक्की कशाला मिळवायचं तेच कळत नाही. किंवा जोडीच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या, दोन तारा सुरात मिळतात, पण एक खुलून बोलते आणि दुसरी मुकी राहते. घोडीवर तारेखाली सरकवायचा दोरा एकीला बसवला की दुसरीची जवारी, म्हणजे गुंजणं, जाते. किंवा एकच तार पुन्हा पुन्हा तुटते. ही चारही लक्षणं तारांच्या ताणाकडे बोट दाखवू शकतात, पण ताणापर्यंत जाण्याआधी फुकटातल्या चार गोष्टी तपासायच्या.

खोली आणि हवा

तंबोरा गवसणीतून काढून ज्या खोलीत गाणार तिथे अर्धा तास उभा राहू द्या, मगच लावा. पंख्याच्या झोतात नको, खिडकीतल्या उन्हात तर नकोच. पोलाद आणि पितळ गरमीने लाकडापेक्षा जास्त वाढतात. तार वाढली की सैल पडते आणि स्वर उतरतो. थंडीत उलट होतं. पाडव्याच्या पहाटे पिंपळपारावर गाणं ऐकायला गेलात तर बघा, घरच्या उबेत लावलेला तंबोरा गार हवेत चढलेला असतो आणि दिव्यांची धग लागली की तोच उतरायला लागतो.

यात एक बारकावा आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. सगळ्या तारा सारख्या उतरत नाहीत. आमच्या क्लासमधल्या मोठ्या, म्हणजे पुरुषी तंबोऱ्यावर काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळी पट्टीच्या सुराला) लावल्यावर मी हिशोब मांडला. तपमान एक अंशाने वाढलं तर जोड साधारण २ सेंट उतरतो आणि खरज साधारण ८ सेंट. अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरा. म्हणजे खोली पाच अंशांनी तापली तर जोडीत १० सेंटचा फरक पडेल आणि खरजात ४० सेंटचा. कान असलेल्या कुणालाही ४० सेंट सहन होणार नाहीत. पण खुंटीचा यात काडीचाही दोष नाही.

असं का होतं? खरजाची तार जाड असते म्हणून ती घट्ट ताणलेली असेल असं वाटतं. तसं नसतं. तारेच्या एका चौरस मिलिमीटरवर किती ताण येतो ते बघायचं, आणि खरजात तो जोडीच्या पाव भागाच्या आसपासच असतो, कारण स्वर निम्म्यावर आला की हा ताण चौथाईवर येतो. मुळात थोडीच ताणलेली तार जराशा वाढीनेही मोठा फरक दाखवते.

मणी, दोरा, कापड

मणी, म्हणजे सूर बारीक जुळवायला घोडीपलीकडे तारेत ओवलेले, मधोमध आणून मग खुंटीने लावा. मणी एका टोकाला टेकवून लावलेला तंबोरा पुढे मण्याने सावरता येत नाही. मग लोक चिमूटभर फरकासाठी खुंटीला हात घालतात आणि असलेला सूरही घालवतात. तारा कोरड्या सुती कापडाने पुसा, घोडीवरून तार उचलून खालची धूळही काढा. दोरा जुना, पिंजलेला असेल तर बदला. शिवणाच्या रिळातला साधा सुती दोरा चालतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण हे न करताच जवारी गेली म्हणणारे पुष्कळ भेटतात.

खुंटी: पेन्सिलीची रेघ

आता जिच्यावर संशय आहे तिच्याकडे. तंबोरा लावून झाला की टोकदार पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढा, निम्मी खुंटीवर आणि निम्मी दांडीवर, सलग. अर्धा तास गा. स्वर उतरला की रेघ बघा. दोन तुकडे एकमेकांसमोरून हलले असतील तर खुंटी सरकते आहे. रेघ जशीच्या तशी सलग असेल तर खुंटी जागची हललेली नाही. पुढचं बोलणंच नको.

खुंटी सरकत असेल तर ती काढून तिच्यावर फळ्यावरचा साधा खडू फिरवा, भोकात बसवून दोन-तीनदा फिरवा, जास्तीचा पुसून टाका. तेल, मेण असलं काही लावू नका. तारेचे वेढे बघा. तीन-चार पुरतात, आणि ते दांडीच्या बाजूला सरकत गेले पाहिजेत, म्हणजे तारेची ओढच खुंटीला आत बसवते. वेढे बाहेरच्या टोकाकडे गेले असतील तर तार खुंटीला सतत बाहेर ढकलत राहते. लावताना खुंटी आत दाबत फिरवायची, हे तर प्रत्येक शिष्याला पहिल्या आठवड्यातच शिकवायला हवं.

नवीन तार असेल तर लंगोटाकडचा, म्हणजे भोपळ्याच्या तळाशी तार अडकवतात तिथला, फास बघा. पीळ कमी दिला असेल तर फास थोडा थोडा सरकतो आणि तार रोज उतरते. पीळ घट्ट असूनही नवी तार दोन-तीन दिवस उतरणारच, तिला बसायला वेळ द्या.

आता ताण

इथवर सगळं ठीक असेल आणि तंबोरा तरीही उतरत असेल तर दोन प्रश्न विचारायचे, आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. हा तंबोरा या सुरासाठी आहे का? आणि चारही तारा एकमेकींशी जुळणाऱ्या जाडीच्या आहेत का?

दुसरा प्रश्न सोपा आहे म्हणून लोक तिथून सुरू करतात आणि जाड तार बसवून मोकळे होतात. मी पहिल्यापासून सुरू करतो. लांबी, सूर आणि धातू तोच असेल तर तार जाड असो की बारीक, तिच्या चौरस मिलिमीटरवरचा ताण तोच राहतो. जाड तार ओढायला जास्त किलो लागतात, पण ते किलो वाटून घ्यायला धातूही तितकाच जास्त असतो. म्हणून जाड तार बसवली की उतरणार नाही, किंवा तुटणार नाही, हा समज खोटा आहे. उतरणं आणि तुटणं ठरतं ते सूर आणि लांबी यांवरून.

पोलादी तारेसाठी हिशोब असा: ०.००३२ गुणिले लांबीचा वर्ग (मीटरमध्ये) गुणिले कंपनसंख्येचा वर्ग. उत्तर येतं किलो दर चौरस मिलिमीटर. लांबी म्हणजे घोडीपासून अटीपर्यंतची (खुंट्यांकडच्या आडव्या पट्टीपर्यंतची) बोलणारी तार, टेपने मोजा. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ. एक मीटर लांबीच्या तंबोऱ्यावर जोड या सुराला लावली तर उत्तर ६१ च्या आसपास येतं. बायकांच्या तंबोऱ्याची लांबी ८० सेंटीमीटर धरा, सूर काळी चार, २०७.७ हर्ट्झ, उत्तर ८८. दोन्ही तंबोरे आपापल्या सुराला छान बोलतात.

गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये एकच तंबोरा होता, बाईंचा स्वतःचा, काळी चारचा. संध्याकाळच्या बॅचला आवाज फुटलेला एक मुलगा यायचा, तो काळी एकला गायचा. त्याच्यासाठी तोच तंबोरा खाली उतरवायचे. बाई म्हणाल्या, "याच्या वेळेलाच खुंट्या सरकतात." मी चारही खुंट्यांवर रेघा ओढल्या आणि बाजूला बसून ऐकलं. पहिल्या वीस मिनिटांत खरज दोनदा लावावा लागला. रेघा चारही सलग. हिशोब मांडला तर जोडीच्या तारेवर ८८ च्या जागी ३९ उरले होते आणि खरज तर इतका ढिला होता की बोटाने दाबला तर सहज तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, टेकेल. अशा खरजाचा स्वर एका अंशाला १२ सेंटपर्यंत हलतो. दारं लावलेल्या खोलीत दहा माणसं बसली की अंश-दोन अंश वाढायला कितीसा वेळ लागतो!

त्या मुलासाठी जाड तारा बसवल्या असत्या तर ढिलेपणा गेला असता, आवाज भरला असता, पण उतरणं तसंच राहिलं असतं. हे मी बाईंना स्पष्ट सांगितलं. खरा उपाय लांब तंबोरा हाच. तो मिळेपर्यंत दार आधीच लावून खोली स्थिर करायची, मुलं बसून दहा मिनिटं झाल्यावर लावायचं आणि खरजाचा मणी मधोमध ठेवून वरचेवर त्यानेच सावरायचं. त्यांनी तसं केलं आणि खुंट्यांची तक्रार थांबली.

उलटा प्रकार जास्त धोक्याचा. पुरुषी तंबोरा काळी चारला चढवला तर जोडीवरचा ताण सव्वादोनपट होतो, ६१ चे १३८ होतात. चांगली पोलादी तार एवढ्याने लगेच तुटत नाही, पण जिथे वाकते, जिथे गंज आहे, तिथे तुटते. पितळी खरज तर ताणून लांबतच राहतो, त्यामुळे रोज उतरतो. आणि दांडीवर पडणारा भार दुपटीहून जास्त होतो, हे सगळ्यात वाईट. एक अर्धा स्वर चढवला की ताण १२ टक्के वाढतो, पूर्ण स्वर चढवला की २६ टक्के. सूर चढवण्याआधी हे दोन आकडे आठवा.

जाडी आणि 'नंबर'

आता दुसरा प्रश्न. इथे मायक्रोमीटर लागतो. आपल्या नाशकात ही अडचण नसावी. सातपूर-अंबडला काम करणारा कुणीतरी प्रत्येक गल्लीत असतो, त्याला विनंती करा. तार घोडी आणि अटी यांच्या मधल्या सरळ भागात मोजा, रॅचेटने, हलक्या हाताने, तीन ठिकाणी.

एकूण किलो काढायला पोलादी तारेसाठी ०.००२५ गुणिले जाडीचा वर्ग (मिलिमीटरमध्ये) गुणिले लांबीचा वर्ग गुणिले कंपनसंख्येचा वर्ग. पितळेसाठी ०.००२५ च्या जागी ०.००२७. आमच्या मोठ्या तंबोऱ्यावर, काळी एकला, हे असं बसलं आहे: जोडीच्या दोन्ही तारा ०.३१५ मिलिमीटर, प्रत्येकी ४.८ किलो, पंचम पोलादी ०.३७६, म्हणजे ३.८ किलो, खरज पितळी ०.५५९, म्हणजे ४ किलोच्या वर थोडं. चारही मिळून साडेसतरा किलोच्या आसपास. कुठलीही तार दुसरीच्या तुलनेत फार ढिली नाही की फार कडक नाही. तुमचे आकडे वेगळे येतील, तारा कारागिराने वेगळ्या निवडल्या असतील. बघायचं एवढंच की जोडीच्या दोन तारा हुबेहूब एक असाव्यात आणि बाकीच्या दोन त्यांच्या जवळपास असाव्यात.

तुलनेसाठी सांगतो, पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या डबल बासची तार लांबीला आपल्या मोठ्या तंबोऱ्याएवढीच, मीटरभराहून थोडी जास्त असते. पण तिथे एकेका तारेवर २५ ते ३० किलो ताण असतो, आणि बऱ्याच कंपन्या तो आकडा तारेबरोबर देतात. वादक दोन संचांचे आकडे शेजारी ठेवून ठरवतात. आपल्याकडे कागदी पुडीवर 'नंबर' लिहिलेला असतो, फार तर.

आणि घोळ त्या नंबरातच असतो. ब्रिटिश गेजप्रमाणे, म्हणजे तारेच्या जाडीच्या मापपद्धतीप्रमाणे, ३० नंबरची तार ०.३१५ मिलिमीटर. अमेरिकन गेजप्रमाणे ३० नंबर म्हणजे ०.२५५. नंबर एकच, पण त्याच सुराला दोघींच्या ताणात दीडपटीचा फरक. पंचवटीतल्या एका वाड्यातला तंबोरा याच कारणाने दोन वर्षं रुसला होता. जोडीतली एक तार तुटली, तेव्हा दुकानातून 'तोच नंबर' आणून बसवली. सूर मिळायचा. पण एक तार ४.८ किलोवर आणि शेजारची ३.१ वर. त्याच बोटाने छेडली तर ढिली तार जास्त झोके घेते, म्हणून तिचा स्वर आधी चढा लागून खाली यायचा, आणि घोडीवर तिचा दाब कमी म्हणून जवारी वेगळी. दोरा किती सरकवला तरी दोघींना एका जागी चालेना. घरच्यांनी जवारी काढून घ्यायचं ठरवलं होतं. मी दोन तारा मोजल्या, एक बदलली. त्या संध्याकाळी त्या घरातल्या आजींनी नुसता तंबोरा छेडत अर्धा तास डोळे मिटून घेतले होते. सुराची आस, म्हणजे सलग गुंज, कुठे तुटत नव्हती.

मायक्रोमीटर नसेल तर हुक असलेला, ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरा. तंबोरा पाठीवर आडवा ठेवा, तारेच्या बरोबर मध्यावर हुक अडकवा, पट्टी उभी धरून तार ५ मिलिमीटर वर उचला आणि वजन वाचा. वर सांगितलेल्या तंबोऱ्यावर जोडीला १०० ग्रॅमच्या आसपास येतं, खरजाला ८० च्या पुढे. नेमक्या आकड्यापेक्षा जोडीच्या दोन तारांचं वाचन एकसारखं येतं का, हे महत्त्वाचं. नाही आलं तर जाडी वेगळी आहे.

तारा बदलताना एकेक बदला. बऱ्याच तंबोऱ्यांत घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर जागेवर राहते. चारही तारा एकदम सोडल्या तर ती सरकते आणि लांबी, जवारी दोन्ही बिघडतात. आधी तिच्या पायांभोवती पेन्सिलीने पुसट खूण करून ठेवा.

तार एकाच जागी तुटते?

तुटलेलं टोक टाकून देऊ नका, तंबोऱ्याला लावून बघा कुठे येतं. अटीच्या किंवा तारदानाच्या (अटीजवळच्या भोकांच्या पट्टीच्या) जागी तुटत असेल तर तिथल्या खाचेची किंवा भोकाची कड धारदार झाली आहे. मण्याजवळ तुटत असेल तर मण्याचं भोक खरबरीत आहे, मणी बदला, स्वस्तात काम होतं. फासापाशी तुटत असेल तर पीळ देताना तार जखमी झाली आहे. दर वेळी वेगळ्या जागी तुटत असेल तर तार गंजलेली आहे, नाहीतर सूर या लांबीला जास्त आहे. वरचा हिशोब पुन्हा मांडा.

इथे हात थांबवा

घोडीच्या माथ्याला कानस लावायची नाही. पॉलिश पेपरही नाही, 'थोडासा' सुद्धा नाही. जवारी हे केसाच्या जाडीचं काम आहे आणि उतरलेला माथा परत चढत नाही. तारा पुसल्या, दोरा बदलला, जाडी जुळवली आणि तरीही जवारी खुलत नसेल, तरच जवारी काढायची वेळ आली आहे, आणि ते काम कारागिराचं.

तबलीवर घोडीच्या दोन्ही बाजूंना स्टीलची पट्टी आडवी धरा. पट्टीखालून घोडीपाशी खळगा दिसत असेल तर तबली खचते आहे. दांडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघा. दांडी पुढे झुकलेली दिसली, किंवा दांडी आणि भोपळा जुळतात तिथे केसभर फट दिसली, तर त्याच दिवशी तारा दोन-तीन स्वर उतरवा आणि गाणं बंद ठेवा. भोपळ्याला चीर असेल तर घरातला कुठलाही गोंद भरू नका; आतून काय लावायचं ते कारागीर ठरवतो, आणि आधीचा गोंद काढण्यातच त्याचा निम्मा दिवस जातो. खुंटीचं भोक लांबट झालं असेल, म्हणजे खडू लावूनही खुंटी एका कुशीवर डुगडुगत असेल, तर नवी खुंटी त्या भोकाला घडवून बसवावी लागते.

ही कामं मिरजेची. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रातले गवई वाद्य घेऊन तिथेच जात आले आहेत. कारागीर फेरीवर नाशिकला येणार असतील तर थांबा. फोन करताना आधी सांगा: षड्ज कोणता, बोलणारी लांबी किती, चारही तारांची जाडी किती, आणि रेघेची तपासणी केल्यावर खुंटी हलली का. घोडीचा बाजूने काढलेला फोटो पाठवा. एवढं सांगितलं की ते बरोबर तारा घेऊन येतात आणि एका फेरीत काम होतं. वाद्य पाठवायचंच झालं तर तारा उतरवा पण पूर्ण सोडू नका, गवसणीच्या आत भोपळ्याभोवती जुनी गोधडी गुंडाळा, आणि बसच्या डिकीत न टाकता सीटवर स्वतःजवळ धरून न्या.